त्या घरात कोणी बसलेलं नाही

१

रविवारी साडेअकराला मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. दिघोरीच्या चौकात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि घर तिथून तीन मिनिटांवर. मी पोचतो तोवर आईनं तोंड धुतलेलं असतं, केस विंचरलेले असतात, आणि फोन टेकवायला पोह्यांचा डबा खाटेसमोरच्या स्टुलावर आणून ठेवलेला असतो. बारा वाजता कामिनीचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन झालेले असतात.

कामिनी माझी धाकटी बहीण. नर्सिंग करून जपानला गेली, तिथल्या एका लहान शहरात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करते. तिच्या पहिल्याच पावसाळ्यात आमचे बाबा गेले. त्यानंतर ती माझ्याशी मोजकंच बोलते. "दादा, फोन थोडा वर धर," एवढंच. कॉल आईसाठी असतो. आई दिघोरीबाहेर फार तर भंडाऱ्यापर्यंत गेलेली, म्हणून कामिनी तिला दर रविवारी काहीतरी दाखवते. कधी बर्फ, कधी मासळीबाजार, कधी निरनिराळ्या कचऱ्याचे निरनिराळे डबे. आई सगळं गंभीरपणे पाहते आणि शेवटी विचारते, "जेवली का?"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कामिनी म्हणाली, "आई, आज म्युझियम. या शहराचा सगळा इतिहास इथं ठेवला आहे."

कानात वायरचे इअरफोन घालून ती हळू आवाजात बोलत होती. आत गर्दी नव्हती. काचेच्या कपाटात मडक्यांचे तुकडे, जुने नकाशे, रेल्वे आली तेव्हाचे फोटो. आईला त्यात रस नव्हता. मग कामिनी एका मोठ्या दालनात वळली, आणि तिथं छताखाली एक अख्खं घर उभं होतं. गवतानं शाकारलेलं, काळ्या लाकडाचं. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं घर कुठल्याशा खेड्यातून उचलून आणून तिथं पुन्हा जोडलं होतं. समोर जाड दोरी बांधलेली. दोरीपलीकडे हातभर उंचीची लाकडी जमीन, मधोमध राखेचा चौकोनी खड्डा, त्यावर लोंबणारी लोखंडी किटली. भिंतीला सूप, विळे, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, चपला.

"अगं, हे तं आपलंच सूप," आई पुढे सरकली. "धानवाले हायेत का हे लोक?"

"धानवालेच. रोवणी, कापणी, सगळं आपल्यासारखं. म्हणून तं तुले आणलं."

आई हसली. बाबा गेल्यावर मी तिला तशी हसताना पहिल्यांदा पाहत होतो. मग तिनं बोट पडद्याजवळ नेलं.

"अन् हा माणूस कोण बसला हाय?"

"कोणता माणूस?"

"तो का, पाठ करून. चुलीजवळ."

कामिनीनं फोन डावीकडून उजवीकडे फिरवला. "आई, इथं कोणी बसलेलं नाही. रिकामं आहे घर."

मी आईच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. राखेच्या खड्ड्यापलीकडे, कोपऱ्यातल्या अंधारात, एक माणूस आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. पांढरी बंडी, खांद्यावर दुपट्टा. मला वाटलं, पुतळा असेल. असे पुतळे ठेवतातच.

पुतळ्याचे कोपर हलत होते.

२

बाबांचं सांगायला हवं.

सोमाजी गभणे म्हटलं की आमच्याकडे लोक बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर उभा असलेला उंच माणूस आठवतात. मे महिन्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. जूनमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की आता घरी न्या. जुलैच्या पहिल्या रविवारी कामिनीची जपानी भाषेची परीक्षा होती. ती पास झाली तर तिचं तिथं राहणं पक्कं होणार होतं.

"तिले सांगजो नको," बाबा म्हणाले. "परीक्षा होऊ दे पोरीची."

मी सांगितलं नाही. तिचा फोन आला की मी बाबांना उशीला टेकवून बसवायचो, चेहऱ्यावर उजेड पडणार नाही असा फोन धरायचो आणि दोन मिनिटांत म्हणायचो, रेंज जाऊन राहिली.

शेवटच्या दोन दिवसांत त्यांना परीक्षेचं भान राहिलं नाही. डोळे मिटूनच विचारायचे, "कामी आली का?" मी म्हणायचो, "येऊन राहिली, बाबा. निघाली तिथून." हे मी किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही. बुधवारी सकाळी, रोवणीच्या बाया आमच्या घरावरून बांधीकडे जात असताना, ते गेले.

चार दिवसांनी रविवार आला. परीक्षा देऊन कामिनीनं फोन केला. "बाबा कुठं आहेत?" मी म्हणालो, "बांधीत. रोवणी चालू आहे ना." तेवढ्यापुरतं मी स्वतःला माफ करू शकतो. परीक्षा देऊन थकलेल्या, परक्या गावात एकट्या मुलीला ते त्या क्षणी कसं सांगायचं? पण पुढच्या रविवारीही मी तेच म्हणालो. आई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसली होती आणि मी म्हणालो, बांधीत गेले. तेरवी झाल्यावर चौदाव्या दिवशी मी खरं सांगितलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे मागच्या रविवारी मी हसून बोलत होती, तेव्हा बाबा नव्हते?"

३

पुढच्या रविवारी आईनंच म्हटलं, "ते घर दाखव."

मी तयारी करून बसलो होतो. दहा वर्षं फोन उघडतोय. मागच्या कॉलचं चित्र पुढच्यात अडकतं, पडदा जळला की जुनी आकृती सावलीसारखी राहते, अंधारात कॅमेरा नसलेल्या कडा जोडतो. हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून दुकानातला नवा, कोणी न वापरलेला फोन आणला होता. सिम दुसरं घातलं.

घर आलं. काळं लाकूड, किटली, सूप. आणि तो.

तो मागच्या वेळेपेक्षा खड्ड्याच्या थोडा अलीकडे सरकला होता. पाठ आमच्याकडेच. दोन्ही तळव्यांत काहीतरी घेऊन घासत होता. त्याबरोबर फोनमधून आवाज येत होता. सर्र. थोडं थांबून पुन्हा सर्र. तणसाची दोरी वळताना येतो तसा.

"कामिनी, तुझ्या इअरफोनची वायर कशाले घासून राहिली काय?" मी विचारलं.

"नाही. काहून?"

"काही नाही."

आई पडद्याला नाक लावून बसली होती. तिचा श्वास काचेवर उमटत होता. "डाव्या हातानं पीळ देऊन राहिले," ती पुटपुटली. "डावखुरे होते ना." मग मोठ्यानं, "कामे, तुझे बाबा हायेत ते."

मग कामिनीनं कॅमेरा स्वतःकडे वळवला.

"दादा, तुले दिसते का काही?"

हा प्रश्न तिनं मला विचारला याचंच मला अप्रूप वाटलं. कित्येक महिन्यांनी माझी बहीण मला काहीतरी विचारत होती. आणि मला वाटलं, हो म्हणालो तर? हो म्हणालो तर मी शहाणा उरतो का? तिला, एकटीला, तिथं उभं करून सांगायचं का, की तुझ्यापासून चार हातांवर तुझा मेलेला बाप दोरी वळतोय आणि तुला एकटीलाच तो दिसत नाही?

"नाही," मी म्हणालो. "रिकामंच घर आहे."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

४

कामिनीनं आठवड्यात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा माझ्या नंबरवर. आईला डॉक्टरकडे ने म्हणाली. तिच्या संस्थेत असे म्हातारे आहेत, गेलेली माणसं त्यांना खुर्चीवर बसलेली दिसतात, लवकर उपचार केले तर बरं असतं. ती शांतपणे समजावत होती आणि मी "हो, हो" म्हणत होतो.

मी आईला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आईला महिना विचारला, वार विचारला, नातेवाइकांची नावं विचारली. आईनं सगळं बरोबर सांगितलं. "अन् कोणी दिसते काय, आजी?" त्यानं विचारलं. आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याले इचारा." डॉक्टर हसला. मीही हसलो. त्यानं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी आई दिवसाही पेंगायला लागली. ताटावर बसल्या बसल्या तिची मान खाली जायची. मी रोज रात्री माझ्या हातानं तिला गोळी देत होतो.

मार्चमधल्या एका रविवारी ती कॉलच्या वेळी झोपूनच होती. मी कामिनीला तसं सांगितलं. ती म्युझियममध्येच उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली. "मले इथं यावंसं वाटते, दादा. काही दिसत नाही, तरी. आई म्हणते म्हणून मी उगाच पाहत राहते त्या कोपऱ्यात."

कोपऱ्यात आता कोणी नव्हतं. तो लाकडी जमिनीच्या अगदी कडेला, दोरीजवळ आला होता. कामिनीनं हात लांब केला असता तर दुपट्ट्याला लागला असता. अजून पाठच. मानेवरचे केस दिसत होते. ते मीच, बाबा गेले त्या सकाळी आंघोळ घालताना, ओल्या हातानं सारखे केले होते.

मी स्क्रीनशॉट घेतला. घेतला आणि लगेच उघडला. घर, किटली, सूप, दोरी. दुसरं कोणी नाही. परत कॉलवर आलो, तो तिथंच होता. असं मी सात वेळा केलं.

सर्र. सर्र. आणि मग एक खोकला, कोरडा, दोन ठोक्यांचा. आमच्या घरात हा खोकला भल्या पहाटे कोठीच्या बाजूनं यायचा आणि आम्हाला कळायचं की बाबा उठले.

"दादा? आवाज येते का माझा?"

"येते."

"मी आईले त्या दिवशी इथं आणायलाच नको होतं," कामिनी म्हणाली, आणि त्या रिकाम्या दालनात, दाराकडे पाठ करून, रडायला लागली. बाप आणि लेक दोघं पाठ करून, मध्ये एक दोरी. मी फोनकडे बघत राहिलो.

५

त्या संध्याकाळी मी आईला गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ती नीट जागी झाली, अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "तुलेही दिसते."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मी फोनकडे नाही पाहत राहिली, हेमराज. मी तुझ्याकडे पाहत होती. कामी फोन जिकडे फिरवे, तुझे डोये त्यायच्यावरच राहेत."

"आई, तो भास आहे. दोघायचाही."

"असन." तिनं सुपातला खडा काढून फेकला. "पण मले येडी ठरवली तू."

सूप हलत राहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी कायले रडू, मी तं होती त्यायच्याजवळ. तू होता. ते आपल्यासाठी नाही बसले तिथं. तिले सांग."

मी हो म्हणालो. मला बाबांची भीती वाटत होती का? वाटत होती. त्याहून जास्त भीती ते वळतील याची होती.

६

एप्रिलचा पहिला रविवार. ऊन इतकं की पत्रा तडतड वाजत होता. आई माझ्या शेजारी खाटेवर. बाराला कॉल आला, आणि कामिनी त्या घरासमोर होती.

ते त्याच कडेला बसले होते.

"कामे," मी म्हणालो, "मले दिसते."

"काय?"

"बाबा. पहिल्या दिवसापासून. आई खरं सांगत होती. मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोललो."

मला वाटलं ती कॉल कापेल. तिचा चेहरा पडद्यावर नव्हता, फक्त ते घर होतं.

"कुठं?" तिनं विचारलं.

"तुझ्यासमोर. कडेले. पाठ आहे."

तिनं जोडे काढले. दोरीखालून वाकून आत गेली. दुरून कोणी बाई जपानीत काहीतरी म्हणाली, आवाज चढा नव्हता. कामिनीनं कॅमेरा उलटा केला, हात लांब धरला, म्हणजे आता ती स्वतः दिसायला लागली आणि तिच्या खांद्यामागे बाबांची पाठ.

"सांग."

"डावीकडे सरक. अजून हातभर. बस तिथं. बस."

ती बसली. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. ती मान वळवून रिकाम्या जागेकडे पाहत होती, आणि तिची नजर नेमकी जिथं असायला हवी तिथं नव्हती, थोडी खाली होती.

"बाबा," ती म्हणाली. "मी आली, बाबा. मले कोणी सांगतलंच नाही. सांगतलं असतं तं मी आली असती."

सर्र आवाज थांबला.

आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

त्यांनी मान वळवली. हळू, मान अवघडलेला माणूस वळवतो तशी. मी एकच क्षण पाहिलं. नाकात कापसाचे बोळे तसेच होते. मीच ठेवलेले. डोळे उघडे होते आणि ते कामिनीच्या चेहऱ्यावर आले, तिथून पुढे गेले, मागच्या भिंतीपर्यंत, परत आले. उंबऱ्याशी कोणी आल्यासारखं वाटावं आणि पाहावं तर कोणीच नसावं, तसं ते पाहत होते.

"दादा," कामिनी कुजबुजली, "पाहून राहिले का माझ्याकडे?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. ती आयुष्यभर त्या एका शब्दावर जगली असती.

"नाही," मी म्हणालो. "तू त्यायले दिसत नाहीस, बाई."

बाबांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठले. वळलेली दोरी तिथंच ठेवली. दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला. मग ते कामिनीच्या बाजूनं, फोनच्या इतक्या जवळून गेले, की पडदा सगळा मळक्या पांढऱ्या रंगाचा झाला. आईच्या तोंडून एक आवाज निघाला. पडदा साफ झाला तेव्हा कामिनी एकटी होती.

"उठले," मी म्हणालो. "निघाले, कामे. बाहेर."

ती अनवाणी धावली. पडद्यावर छत, दिवे, कोणाची तरी छत्री, काचेचं दार, मग एकदम आभाळ. सायकली लावलेल्या. स्वच्छ रस्ता, दोन्ही बाजूंना फुलांनी भरलेली झाडं, आणि चालणारी पुष्कळ माणसं.

"कोणत्या बाजूनं, दादा? उजवीकडे की डावीकडे?"

ती फोन गरगर फिरवत होती. मी पाहत होतो. आई पाहत होती. इतक्या माणसांत पांढरी बंडी कुठंच नव्हती.

"दादा, सांग ना. कोणत्या बाजूनं?"

७

म्युझियममधली, मघाशी दुरून बोललेली ती म्हातारी बाई कामिनीचे जोडे हातात घेऊन बाहेर आली होती. तिनं ते तिच्या पायांशी ठेवले आणि काही न विचारता तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. एवढं कामिनीनं मला नंतर सांगितलं. कापसाचं मी तिला सांगितलं नाही. आईनंही नाही.

पुढचे तीन रविवार ती त्या घरासमोर जाऊन उभी राहिली. तिथं कोणी बसलेलं नव्हतं. आवाजही नव्हता. चौथ्या रविवारी आई म्हणाली, "बस झालं, बाई. तिथं नको जाऊ आता."

आईचं जेवण कमी झालंय. डोकं ठिकाणावर आहे, गोळ्या मी फेकून दिल्या. पण तिचं मन एकाच गोष्टीत अडकलंय. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या म्हणते, "निदान एका जागी बसून होते. आता कुठं हिंडतीन? तिथली बोली येत नाही त्यायले. इचारतीन कोणाले?"

कामिनी आता माझ्याशी बोलते. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर सुट्टी मिळेल, तेव्हा येते म्हणाली आहे.

गेल्या रविवारी तिनं आईला तिच्या इमारतीचा जिना दाखवला. तिसरा मजला, एकसारखी आठ दारं, प्रत्येकावर त्यांच्या लिपीतली पाटी. तिच्या दारावर तिनं वहीचा कागद चिकटवला होता. त्यावर मराठीत, शाईनं लिहिलं होतं: कामिनी सोमाजी गभणे, दिघोरी.

"बाबा चौथी शिकले होते ना," ती म्हणाली. "नाव तं वाचता येईल."

आईनं डोळ्यांना पदर लावला. कामिनी कागदाचे कोपरे अंगठ्यानं दाबत राहिली. मग तिनं विचारलं, "दादा, त्यायचा चष्मा कुठं आहे?"

"इथंच. दुकानातल्या ड्रॉवरमध्ये."

मग तिनं तो कागद काढला.

"मोठं लिहिते," ती म्हणाली.